अनंत फंदी: आठ मात्रांचा उस्ताद

अनंत फंदी हा उत्तर पेशवाईतला संगमनेरचा शाहीर. मूळ नाव अनंत भवानीबावा घोलप, जन्म १७४४, मृत्यू १८१९. चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई घेतली त्यानंतर पाच वर्षांनी तो जन्मला आणि शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढल्यावर सुमारे दोन वर्षांनी गेला. मराठी राज्याचा भर आणि ओहोटी त्याने एकाच आयुष्यात पाहिली. त्याने लावण्या रचल्या, पोवाडे रचले, पण त्याच्या नावाशी कायमचा जोडला गेला तो फटका. ठेक्यावर बांधलेले, गाण्यापेक्षा बोलण्याला जवळचे, यमकांनी गच्च भरलेले आणि ऐकणाऱ्याला थेट ‘तू’ म्हणणारे पद्य आज रॅप म्हणून ओळखले जाते. जुन्या मराठीत त्याच्या सर्वांत जवळचा प्रकार हा फटकाच. त्या अर्थाने फंदी हा मराठीतला जुन्या वळणाचा रॅपर, आणि त्याच्या कारागिरीचे मोल अजून पुरते झालेले नाही.

पेशवाईच्या उत्तरार्धातले शाहीर म्हटले की सहा नावे एका दमात घेतली जातात: राम जोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा, प्रभाकर, परशराम आणि सगनभाऊ. यांतल्या राम जोशींवर १९४७ साली ‘लोकशाहीर राम जोशी’ हा चित्रपट निघाला आणि तो तुफान चालला. होनाजीवर व्ही. शांतारामांनी १९५१ मध्ये ‘अमर भूपाळी’ काढला आणि तो कान महोत्सवापर्यंत पोचला. घराघरांत पोचेल अशी कलाकृती फंदीच्या वाट्याला आली नाही. त्याच्या वाट्याला आले ते शाळेचे पुस्तक. पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी त्याचा उपदेशाचा फटका पाठ केला आणि परीक्षेत त्याचा सरळ अर्थ लिहिला. त्यामुळे फंदी म्हणजे चार हिताच्या गोष्टी सांगणारे कोणी वडीलधारे गृहस्थ, अशी समजूत होऊन बसली. तो फड गाजवणारा तमासगीर होता, श्रोत्यांना रात्रभर बसवून ठेवणारा गायक होता, हे मागे पडले. त्याच्यावर झालेला मोठा अन्याय हाच.

संगमनेर हे प्रवरेकाठचे जुने बाजाराचे गाव, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले. यजुर्वेदी ब्राह्मण घोलपांच्या घरचा हा मुलगा तमाशाकडे वळला. गावात मलिक फंदी नावाचा एक फकीर होता. त्याच्या तऱ्हेवाईक वागण्यामुळे लोकांनी त्याला ते नाव दिले होते. अनंताची आणि त्याची दोस्ती जमली, आणि लोक अनंतालाही फंदी म्हणू लागले. त्याने ते नाव टाकले नाही, उलट मिरवले. पुढे त्याचा मुलगाही शाहीर झाला आणि त्याला सवाई फंदी म्हणू लागले. रंगमंचासाठी वेगळे नाव घेणे, त्या नावाभोवती साथीदार जमवणे आणि नाव हीच आपली ओळख करणे ही रॅपमधली रीत विसाव्या शतकातली वाटते. संगमनेरात ती अठराव्या शतकात चालू होती, आणि एका ब्राह्मण तमासगिराने ती एका फकिराकडून घेतली होती. त्या काळच्या फडांचे हे मोठेपण आहे. होनाजी गवळी, परशराम शिंपी, सगनभाऊ मुसलमान, प्रभाकर ब्राह्मण. डफाच्या थापेवर सगळ्यांना जागा होती.

त्या काळच्या फडाचे स्वरूप लक्षात घेतल्याशिवाय फंदीची रचना कळत नाही. ढोलकी किंवा डफ ताल धरतो, तुणतुणे एकच सूर अखंड वाजवत राहते, मंजिरीची किणकिण वर चालू असते. मुख्य शाहीर पुढे उभा असतो आणि मागे झीलकरी. शाहिराने ओळ टाकली की झीलकरी तिची शेपटी उचलतात, ‘जी जी’ करत सूर लांबवतात. तेवढ्यात शाहीर श्वास घेतो, श्रोत्यांचा अंदाज घेतो आणि पुढची ओळ फेकतो. झीलकऱ्यांचे हे काम रॅपच्या मंचावरही असते. मुख्य गायकाच्या मागे उभा राहून त्याच्या ओळीचा शेवटचा शब्द जोराने उच्चारणारा आणि गर्दीला चेतवणारा एक साथीदार तिथे असतोच. वाद्यसंगत कमीत कमी आणि शब्दांना वाट मोकळी हेही दोन्हीकडे सारखे. तुणतुण्याला एकच तार असते ती उगाच नव्हे. शब्दांच्या आड काही येऊ नये, हा हिशेब तिच्यात आहे.

आता फटक्याची बांधणी. फंदीचा प्रसिद्ध फटका ज्या जातिवृत्तात बसतो त्याला हरिभगिनी म्हणतात. त्यात अक्षरे मोजत नाहीत, मात्रा मोजतात: ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घ अक्षराची दोन. ओळ आठ-आठ मात्रांच्या आवर्तनांनी पुढे जाते. पहिली तीन आवर्तने पूर्ण आठांची, चौथे सहा मात्रांचे. एकूण तीस मात्रा. वसई तालुक्यातल्या कोणालाही हे स्वतःच्या पत्त्यावर ताडून पाहता येईल. ‘वसई’ या शब्दात व, स एकेक मात्रेचे आणि ई दोन मात्रांची, मिळून चार. ‘विरार’मध्ये वि एक, रा दोन, र एक, पुन्हा चार. झाले आठांचे एक आवर्तन. त्यापुढे ‘गोखिवरे’: गो दोन, खि एक, व एक, रे दोन, एकूण सहा. म्हणजे ‘वसई-विरार, गोखिवरे’ एवढे मोठ्याने म्हटले, तर फटक्याच्या ओळीचा उत्तरार्ध जसा पडतो अगदी तसा तो पडतो. टाळी देऊन म्हणून पाहिले की शेवटी दोन मात्रांची जागा रिकामी राहते हेही लगेच कळते.

ही रिकामी जागा फार महत्त्वाची. आठ मात्रांचे आवर्तन म्हणजे केरव्याचे आवर्तन. रॅपचा ठेका चार ठोक्यांचा असतो, प्रत्येक ठोक्याचे दोन भाग केले की तेही आठच होतात. तीस मात्रांची ओळ आणि दोन मात्रांची विश्रांती मिळून बत्तीस, म्हणजे बरोबर चार आवर्तने. ताल कुठेही न मोडता ओळ संपते आणि संपल्यावर क्षणभर थांबायला जागा मिळते. डफावरची थाप तिथे ऐकू येते, झीलकरी तिथे घुसतात, आणि श्रोत्याच्या मनात शेवटचा शब्द तिथेच रुतून बसतो. कोणत्याही चांगल्या रॅपरला ओळ कुठे संपवायची याइतकीच ती संपल्यावर गप्प कुठे राहायचे याची जाण लागते. फंदीच्या फटक्यात ती जाण ओळीमागून ओळ दिसते.

यमकाची योजनाही तशीच विचारपूर्वक आहे. त्या फटक्याच्या ओळींचा शेवट ‘नको’ या शब्दावर होतो आणि त्याच्या आधी ऊकारान्त क्रियापद येते. ‘करू नको’ हे दोन शब्द घेतले तर क एक, रू दोन, न एक, को दोन, नेमक्या सहा मात्रा. म्हणजे मराठीतली रोजची मनाई, आई मुलाला दिवसातून पन्नास वेळा सांगते ती, आपसूक त्या अखेरच्या सहा मात्रांच्या खाचेत बसते. जिथे क्रियापद लांबते, ‘जाऊ’सारखे, तिथे शाहीर शेवटचा ऊ ऱ्हस्व करून म्हणतो आणि माप राखतो. मग ‘नको’ हा शब्द ठरावीक अंतराने पुन्हापुन्हा कानावर पडू लागतो. श्रोत्याला शेवट आधीच ठाऊक असतो, त्यामुळे सगळे लक्ष राहते ते या वेळी शाहीर कशाला ‘नको’ म्हणणार याकडे. ओळीच्या पोटातही एकच नाद दोनदा घुमवणारी शब्दांची जोडी तो पेरतो. पहिल्याच ओळीच्या पूर्वार्धात अशी जोडी आहे आणि निम्म्या मराठी मुलुखाला तो फटका तेवढ्यावरच आठवतो.

मजकूर मात्र कुठेही अलंकारिक नाही. संस्कृत शब्दांची आरास करायला राम जोशींना आवडे, आणि ती त्यांना शोभेही. फंदीचे मराठी बाजारातले आहे. संसार, शेजार, देणेघेणे, शब्द पाळणे, पैशाचा गर्व, आईबापांचा मान, असे घरातले नि चव्हाट्यावरचे विषय. त्यातला उपदेश सावध आहे. मळलेल्या वाटेने जा, उगाच धाडस करू नकोस, आहे ते सांभाळ, असा त्याचा कल. आजच्या तरुणाला तो पुराणमतवादी वाटेल आणि त्यात चूक काही नाही. पण त्या काळाकडे पाहिले की हा सावधपणा कुठून आला ते दिसते. पेंढाऱ्यांच्या धाडी, सरदारांच्या आपसांतल्या लढाया, पुण्यातल्या कारस्थानांत आज एकाची तर उद्या दुसऱ्याची सरशी, अशा दिवसांत सामान्य कुणब्याला किंवा कारकुनाला डोके वर न काढता जगणे हेच शहाणपण होते. शिवाय हे सांगणारा माणूस स्वतः त्या मळलेल्या वाटेने गेला नव्हता. घरचे सोडून तो फडावर उभा राहिला होता. त्यामुळे त्याच्या ‘नको’मध्ये वडिलांच्या धाकापेक्षा जग पाहून आलेल्याचा सल्ला अधिक ऐकू येतो.

फंदीच्या आयुष्यातली सर्वांत प्रसिद्ध आख्यायिका अहिल्याबाई होळकरांशी जोडलेली आहे. महेश्वरला गेलेल्या फंदीचे कवित्व ऐकून बाईंनी त्याला सांगितले की एवढी वाणी तमाशात न घालवता देवाच्या कामी लाव. आणि तो कीर्तनकार झाला. गोष्ट सांगणारे इथे थांबतात. पण तारखा जुळवल्या तर आणखी काही हाती लागते. अहिल्याबाई १३ ऑगस्ट १७९५ रोजी वारल्या, तेव्हा हा उपदेश त्याआधीचा. खर्ड्याची लढाई मार्च १७९५ ची आणि पेशवे सवाई माधवरावांचा मृत्यू त्याच वर्षीच्या ऑक्टोबरचा. या दोन्हींवर फंदीची रचना आहे. म्हणजे आख्यायिका खरी धरली तरी त्याने शाहिरी टाकली नाही. लावणीचा फड सोडला असेल, पण घडलेल्या गोष्टी लोकांना पद्यात सांगण्याचे काम चालूच ठेवले. कीर्तनाच्या उत्तररंगात आख्यान रंगवण्याचे कसब आणि पोवाडा सांगण्याचे कसब एकाच मुशीतले आहे, हेही विसरून चालत नाही.

पोवाड्याचे त्या काळातले काम वर्तमानपत्राचे होते. छापखाना नाही, वाचता येणारे थोडे. खर्ड्याला निजामाचा पराभव झाला ही बातमी पुण्यात खलित्याने आली असेल, पण गावोगाव ती शाहिरांच्या तोंडून पोचली. सवाई माधवराव शनिवारवाड्यात वरून पडून गेले, तेव्हा ते अवघे एकवीस वर्षांचे होते. त्या मृत्यूने मराठी राज्याचा कणा मोडला आणि ‘माधवनिधन’ हा ओवीबद्ध ग्रंथ फंदीने त्यावरच लिहिला. एकाच वर्षातल्या घटनांना त्याने दोन वळणांनी हात घातला हे त्याच्या आवाक्याचे गमक आहे. उभ्याने डफावर म्हणायची रचना वेगळी, बसून शांतपणे वाचायची ओवी वेगळी. दोन्ही लयी त्याच्या हाताखाली होत्या.

पुढे १८०२ च्या ऑक्टोबरात यशवंतराव होळकरांनी हडपसरजवळ पेशव्यांच्या फौजेचा धुव्वा उडवला. दुसरा बाजीराव पुणे सोडून कोकणात उतरला आणि इंग्रजांच्या आसऱ्याने वसईला आला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी तिथे झालेल्या तहाने पेशवा इंग्रजांच्या तैनाती फौजेखाली गेला. फंदी तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा होता. चिमाजींच्या वसईच्या विजयाच्या आठवणी ऐकत जो वाढला, त्याला म्हातारपणी त्याच वसईचे नाव या तहाच्या संदर्भात ऐकावे लागले.

जगाच्या दुसऱ्या टोकाला रॅपचा जन्म कसा झाला तेही इथे पाहण्यासारखे आहे. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागात सेजविक ॲव्हेन्यूवरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीत एका घरगुती पार्टीत जमैकाहून आलेल्या क्लाइव्ह कॅम्पबेलने, म्हणजे डीजे कूल हर्कने, गाण्यातला नुसत्या तालाचा तुकडा लांबवून वाजवला. त्या तालावर लोक बोलू लागले आणि रॅप रूपाला आला. सहा वर्षांनी ‘रॅपर्स डिलाइट’ नावाचे गाणे गाजले. त्यातला मोठा भाग ग्रँडमास्टर कॅझ या ब्रॉंक्सच्या रॅपरच्या वहीतून घेतलेला होता. कॅझला श्रेय मिळाले नाही, पैसे मिळाले नाहीत. पण म्हणणाऱ्याने ओळी इतक्या जशाच्या तशा उचलल्या की कॅझने स्वतःच्या टोपणनावाची अक्षरे जोडून केलेला भागही तसाच राहिला आणि ओळी कोणाच्या होत्या ते जाणकारांना कळले.

मराठी शाहिरांनी या चोरीवर आधीच उपाय केला होता. रचनेच्या शेवटच्या चौकात शाहीर आपले नाव गोवतो, बरोबर कधी गुरूचे, गावाचे किंवा साथीदाराचेही. तोंडोतोंडी पसरणाऱ्या गाण्याला हाच एक बंदोबस्त. नाव मात्रांत पक्के बसवलेले असते, म्हणून ते काढून दुसरे घातले की ताल अडखळतो. आज फंदीची म्हणून जी कवने ओळखता येतात त्यांत या नाममुद्रेचा मोठा वाटा आहे. समकालीन होनाजीने आपल्या रचनेत फंदीची मोकळ्या मनाने थोरवी गायली आहे. त्याच्यापुढे गाणारा टिकत नाही, असा त्याचा आशय. प्रतिस्पर्ध्यांना नावे ठेवण्याची चढाओढ असलेल्या धंद्यात दुसऱ्या शाहिराने दिलेली ही पावती कोणत्याही मानपत्रापेक्षा वजनदार आहे.

चढाओढ खरोखरच जबर असे. कलगीवाले शक्तीला श्रेष्ठ मानणारे, तुरेवाले शिवाला. एकाने पुराणातले किंवा अध्यात्मातले कोडे पद्यात घालायचे, दुसऱ्याने तिथल्या तिथे पद्यातच सोडवायचे. अडला तर हरला. या भेदिक शाहिरीला पाठांतर, वाचन आणि हजरजबाबीपणा तिन्ही लागत. १९८१ च्या डिसेंबरात हार्लेममध्ये कूल मो डी आणि बिझी बी यांच्यात झालेला सामना रॅपच्या इतिहासात मैलाचा दगड मानला जातो. नुसती गर्दी खूश करणाऱ्या जुन्या ढंगाला मो डीने नेमक्या शब्दांनी समोरासमोर नमवले, म्हणून. मराठी मुलुखात असे सामने कित्येक पिढ्या आधी मंदिरापुढच्या पटांगणात होत होते, आणि ते थांबलेलेही नाहीत. कोकणात शक्ती-तुऱ्याचे सामने अजून रंगतात. पायात घुंगरू बांधून नाचणारे गडी, मधोमध बसलेले गायक आणि वादक, आधी गण, मग गौळण, मग सवाल-जवाब. रत्नागिरीकडून मुंबईला आलेला चाकरमानी परवडणारे घर शोधत नालासोपारा, विरार, वसई पूर्वेकडे सरकला तेव्हा हा नादही त्याच्याबरोबर आला. गणपतीला गावी जाणाऱ्या गाड्यांत या भागातले शाहीर आणि नाचणारे गडी असतात, आणि त्यांची तालीम इथल्याच चाळींत झालेली असते. फंदीची परंपरा ऐकायची असेल तर वसई-विरारकराला ती पुस्तकाबाहेर, आपल्या शेजारीच सापडू शकते.

फंदीचे कवित्व छापून हाती आले ते पुष्कळ उशिरा. एच. ए. ॲक्वर्थ या इंग्रज अधिकाऱ्याने आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी जुने पोवाडे गोंधळ्यांकडून, शाहिरांकडून मिळवून १८९१ साली त्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. शाळिग्रामांनी पुढे शाहिरांची कवनेही छापली. फंदी जाऊन तेव्हा सत्तर वर्षे उलटली होती. इतक्या काळात किती रचना विरल्या असतील याचा अंदाजच करावा. जे वाचले ते शब्द वाचले. फंदीचा आवाज, त्याच्या ढोलकीवाल्याचा हात, झील कुठे चढायची, हे कागदावर उतरणारे नव्हतेच. म्हणून त्याची कविता मुक्याने वाचली की अर्धीच हाती लागते. मात्रांच्या बांधणीत चालीचा सांगाडा मात्र शाबूत आहे, आणि केरवा धरून मोठ्याने म्हटले तर तो आजही उभा राहतो.

पुढच्या काळात ही ठेक्यावरची बोली नव्या हातांत गेली. जोतीराव फुल्यांनी १८६९ मध्ये शिवाजी महाराजांचा पोवाडा रचला आणि त्यांना कुळवाड्यांचा राजा म्हणून पुढे आणले. सत्यशोधक आणि आंबेडकरी जलशांनी गण-गौळणीचा साचा घेऊन त्यात समतेचा विचार भरला. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने १९४४ पासून गिरणगावात तीच आग पेटवली. उपदेशाचा सूर बदलला. फंदी ‘जपून चाल’ म्हणत होता, हे शाहीर ‘उठ’ म्हणू लागले. तालाचे गणित मात्र तेच राहिले.

‘गली बॉय’ हा चित्रपट २०१९ मध्ये आला आणि मुंबईच्या गल्ल्यांतले रॅप सर्वांना ठाऊक झाले. त्याआधीपासून ‘स्वदेशी’ हा गट मराठीसह अनेक भाषांत रॅप करत होता. आरे वसाहतीतले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन त्यांनी ‘द वारली रिव्होल्ट’ केले आणि जंगल-जमिनीचा प्रश्न आदिवासींच्या बोलीसह तालावर आणला. याच गटातला सौरभ अभ्यंकर अमरावतीकडच्या वऱ्हाडीत रॅप करतो, आणि वऱ्हाडीचे हेल त्या ठेक्यात असे बसतात की प्रमाण मराठीला ते जमू नये. फंदीने दोनशे वर्षांपूर्वी संगमनेरच्या बाजारातली भाषा मात्रांत बसवली होती ती याच रीतीने.